सूर्योदय माथ्यावरूनच कशाला? रात्रीच्या चढाया नेणाऱ्यांना खुलं पत्र

रात्रभर डोंगर चढवून पहाटे सूर्योदय दाखवणाऱ्या सर्व आयोजकांना आणि ट्रेक लीडरांना,

सप्रेम नमस्कार.

पहाटे सव्वाचारला तुमच्यापैकीच एक जण एका मुलाला म्हणाला, "चल रे, आता फक्त पंधरा मिनिटं." पावणेचारलाही पंधराच मिनिटं उरली होती. सव्वातीनलाही. मी मागेच चालत होते, म्हणून तिन्ही वेळा माझ्या कानावर पडलं. तिसऱ्या वेळी तो मुलगा काहीच बोलला नाही. दगडावर बसला, डोकं गुडघ्यांत घातलं आणि पुन्हा ओकला.

त्या डोंगराचं नाव मी मुद्दाम घेत नाही. घेतलं तर आयोजक कोण ते लगेच ओळखू येईल, आणि मला एका माणसाशी भांडायचं नाही. परदेशी फिरायला गेलेल्या आम्हा पंधरा-सोळा जणांची ती चढाई होती. डोंगर विषुववृत्ताजवळचा, माथा साधारण ३,३०० मीटरवर. संध्याकाळी आम्ही समुद्रकाठी जेवलो, मग गाडीत डुलक्या काढत १,९०० मीटरवर पोहोचलो आणि साडेबाराला हेडटॉर्च लावून चालायला लागलो. झोप कुणाचीच झाली नव्हती. पत्रकावर लिहिलं होतं: "माथ्यावरून सूर्योदय. वेळेत पोहोचवण्याची हमी." ती हमी आम्हालाही हवीच होती, हे आधी कबूल करते. पैसे भरताना मी तीच ओळ दोनदा वाचली होती.

मुलगा चोविशीतला, रोज पळणारा, आमच्यात सगळ्यांत तयारीचा. लीडरचं म्हणणं असं की एवढ्या तरण्याताठ्या पोराला काय होणार. इथेच पहिली चूक होते. उंचीचा त्रास माणसाची तब्येत बघून येत नाही. उलट दमदार गडी भराभर वर जातो, म्हणून अनेकदा तोच आधी सापडतो. ३,३०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. श्वास तेवढाच घ्या, त्यातून मिळणारा प्राणवायू तेवढ्याच प्रमाणात कमी. शरीराला याची सवय लागायला दिवस लागतात आणि आम्ही त्याला काही तास दिले होते. त्या मुलाला खरंच उंची लागली होती की नुसतीच दमछाक आणि जागरण, हे अंधारात कुणालाच ठरवता आलं नसतं. म्हणून तर नियम आहे: उंचीवर डोकं दुखून उलटी झाली की तो उंचीचाच त्रास समजायचा, वर जायचं नाही, आणि बरं वाटत नसेल तर खाली उतरायचं. हा नियम तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. त्या रात्री त्या लीडरलाही माहीत असणार. पण घड्याळ पुढे पळत होतं आणि हमी दिलेली होती.

मी म्हटलं, मी याला घेऊन उतरते. सोबत एखादा माणूस द्या म्हटलं, तर शेवटी चालणारा मदतनीस एकच होता आणि तो वरच्या घसाऱ्यावर हवा होता. मग आम्ही दोघंच निघालो. एका टॉर्चची बॅटरी मंदावलेली. वाट वर चढताना पायाखाली होती ती उतरताना गायब झाल्यासारखी वाटली, हे अनुभवी लोकांना सांगायला नको. दीड तासात दीडशे मीटर उतरलो असू, इतके आम्ही हळू होतो. मग डोंगराची एक सोंड लागली, पूर्वेला मोकळी, वाऱ्याला आड असलेली. तिथे टेकलो. मुलाचं डोकं जरा हलकं झालं होतं. पाणी प्यायला, आणि ते पोटात राहिलं.

आणि तिथे आम्हाला सूर्योदय दिसला.

खाली गाडीपाशी सगळे भेटले तेव्हा माथ्यावर पोहोचलेल्या एका मुलीने मला फोटो दाखवला. सूर्याची पहिली कड, वेळ ५:४८. मी माझा फोन काढला. माझ्याही फोटोत पहिली कड, वेळ ५:४८. आम्ही माथ्यापासून साडेतीनशे मीटर खाली होतो आणि दोन्ही फोटोंत मिनिट तेच होतं.

घरी आल्यावर मी हिशेब मांडला. मला आकडे आवडतात, तुम्हाला कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडा, पण सोडू नका अशी विनंती आहे. उंचावर गेलं की क्षितिज डोळ्यांच्या पातळीखाली झुकतं, म्हणून सूर्य लवकर दिसतो. किती झुकतं, याचा एक जुना नाविक ठोकताळा आहे: मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा, त्याला १.७६ ने गुणा, उत्तर कलांमध्ये येतं. साठ कलांचा एक अंश. ३,३०० मीटरवरून हे उत्तर १०१ कला येतं, २,९५० मीटरवरून ९५-९६. फरक साडेपाच कलांचा. विषुववृत्ताजवळ सूर्य मिनिटाला सुमारे १५ कला वर येतो. म्हणजे माथ्यावरच्यांना सूर्य आमच्याआधी वीस-बावीस सेकंद दिसला. समोर समुद्राऐवजी ढगांचं पठार असेल तर हा फरक थोडा वाढतो, पण इतक्या अंतराने सहसा मिनिटावर जात नाही.

सगळी मेख त्या वर्गमुळात आहे. उंचीचा फायदा सुरुवातीला भरभर मिळतो आणि वर वर जाताना आटत जातो. चौथ्या हिश्श्याची उंची गाठली की अर्धा फायदा पदरात पडलेला असतो. जपानचा फुजी घ्या, ३,७७६ मीटरचा. त्याच्या माथ्यावर सूर्य समुद्रकाठापेक्षा आठ-दहा मिनिटं आधी दिसतो. पण ३,४०० मीटरवर उभं राहिलं तरी त्यातली जेमतेम अर्ध्या मिनिटाचीच घट होते. ते शेवटचे पावणेचारशे मीटर दिवसाच्या चढाईत खुशाल चढा. सूर्योदयाच्या नावाखाली माणसं रेटत न्यायचं मात्र त्यांत काही नाही. (आणखी एक गंमत जाताजाता: वातावरणातल्या वक्रीभवनामुळे क्षितिजावरचं बिंब सुमारे ३४ कला उचललेलं दिसतं आणि बिंबाची रुंदी साधारण ३२ कला. म्हणजे लालबुंद गोळा क्षितिजावर टेकलेला दिसतो तेव्हा खरा सूर्य पूर्ण खालीच असतो. ज्याला गाठायला आपण धापा टाकतो तो तिथे नसतोच.)

आता तुम्ही म्हणाल, बाई, लोक सेकंद मोजायला येत नाहीत, अनुभव घ्यायला येतात. मान्य. मग अनुभवाचंच बोलू.

सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांवर असतो तेव्हा पूर्वेला पहिला उजेड मिसळायला लागतो. विषुववृत्ताजवळसुद्धा तिथून सूर्योदयापर्यंत तास-सव्वा तास जातो, उत्तरेकडे त्याहून जास्त. सूर्य १२ अंशांवर आला की जमीन आणि आकाश यांच्यातली रेघ उमटते. पुढे झुंजुमुंजू होतं, तांबडं फुटतं, एकेक तारा विझत जातो. हा सगळा तास तुमचा जथा काय करत असतो? मान खाली घालून पुढच्याच्या टाचांवरचा पांढरा प्रकाशाचा गोल बघत असतो. डोळ्यांना अंधार सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि दर दोन मिनिटांनी कुणी ना कुणी मागे वळून आपला हेडटॉर्च सगळ्यांच्या डोळ्यांत मारतो. मग माथ्यावर पोहोचायचं, सूर्य वर आला की टाळ्या, फोटो, आणि "चला, उतरायला उशीर होतोय."

पश्चिमेकडे तर कुणी बघतच नाही. त्या सोंडेवर बसलो नसतो तर मीही पाहिलं नसतं. सूर्य उगवायच्या आधी मागच्या आकाशात क्षितिजालगत एक निळसर-करडा पट्टा असतो आणि त्याच्यावर गुलाबी. तो करडा पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली. सूर्य जसा वर येतो तशी ती खाली बुडत जाते. उगवल्यावर लगेच डोंगराची सावली पडते, मैलोन् मैल लांब, टोकदार. डोंगराचा आकार कसाही ओबडधोबड असो, सावली त्रिकोणीच दिसते, कारण लांबवर जाणाऱ्या रुळांसारख्या तिच्या कडा दूर एकत्र आल्यासारख्या भासतात. श्रीलंकेतल्या श्रीपाद पर्वतावर ही सावली बघायला लोक खास पश्चिमेकडे वळून उभे राहतात. त्या मुलाला मी ती दाखवली. डोकं धरून बसलेला होता, तरी म्हणाला, "हे त्या पत्रकात कुठे होतं?"

श्रीपादचं नाव निघालंच आहे तर एक बाजू तुमचीही मांडते. २,२४३ मीटरचा तो डोंगर. डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मे महिन्यातल्या वेसाकपर्यंत, म्हणजे बुद्धपौर्णिमेपर्यंत, तिथे रात्रभर माणसं पायऱ्या चढत असतात. हॅटन गावाकडून येणाऱ्या वाटेवर त्या पाच हजारांच्या वर आहेत. तिथे माथ्यालाच अर्थ आहे, कारण ज्याच्या दर्शनाला लोक जातात ते पावलाचं चिन्ह माथ्यावर आहे. दर्शनाला निघालेल्या म्हातारीला "खालूनच बघा" म्हणणं उद्धटपणाचं होईल. पण तिथली चाल पाहा. हंगामात वाटेवर दिवे असतात, जागोजागी टेकायला आडोसे असतात, आणि जो तो आपल्या दमाने निघतो, बसतो, पुन्हा निघतो. पंधरा मिनिटांची थाप मारणारा कुणी मागे नसतो. म्हणून ती रात्र दमवते, पण घाई करत नाही. तुमच्या चढाईत माथा हा देव नाही, तो छापील कार्यक्रमातला एक टप्पा आहे. तो हलवता येतो.

थंडीचं तुम्ही सांगता, पण अर्धवट सांगता. "वर गार असतं, जॅकेट आणा." किलोमीटरमागे साधारण साडेसहा अंश तापमान घटतं हे शाळेतलं गणित झालं. दिवसातली सगळ्यांत थंड वेळ सूर्योदयाच्या आसपासची, बहुतेकदा सूर्य उगवून थोडा वेळ झाल्यावरची असते. नेमकी तीच वेळ तुम्ही लोकांना माथ्यावरच्या वाऱ्यात उभं करता, आणि तेही घामाने भिजलेल्या बनियनवर जॅकेट चढवून. त्यातही जे "उशीर नको" म्हणून लवकर नेतात त्यांची माणसं तासभर तशीच कुडकुडत राहतात. लवकर पोहोचणं म्हणजे सुरक्षित पोहोचणं, असा एक समज या धंद्यात घट्ट बसलेला दिसतो. उष्ण कटिबंधात थंडीने मरत नाहीत असं वाटत असेल, तर ग्वाटेमालातला अकाटेनांगो आठवा. ३,९७६ मीटरचा हा डोंगर सूर्योदय आणि शेजारचा धगधगता ज्वालामुखी बघायला येणाऱ्यांचा लाडका. जानेवारी २०१७ मध्ये तिथे सहा जण गारठून मेले.

झोपेविना एका दमात चढून सूर्योदय गाठायच्या या प्रकाराला जपानीत नाव आहे: दांगान तोझान, बंदुकीच्या गोळीसारखी चढाई. फुजीवर या गोळ्या इतक्या सुटायला लागल्या की शेवटच्या टप्प्यावर पहाटे माणसांची रांग अडकून पडायची. तिथल्या प्रशासनाने शेवटी फाटकच बसवलं. २०२४ पासून योशिदा वाटेवर दिवसाला ४,००० जणांची मर्यादा आली. २०२५ पासून ते फाटक दुपारी २ ते पहाटे ३ बंद असतं, आणि डोंगरावरच्या मुक्कामघरात ज्याची जागा राखून ठेवलेली आहे त्यालाच त्या वेळात पुढे सोडतात. योशिदाची वाट ईशान्येच्या अंगाने जाते, त्यामुळे त्या मुक्कामघरांच्या अंगणातूनही सूर्योदय दिसतो. बोर्निओतल्या किनाबालूवर तर रीतच तशी आहे. ४,०९५ मीटरचा माथा, पण आदली रात्र ३,२०० मीटरच्या वर काढायची आणि पहाटे अडीचच्या सुमारास निघायचं, परवानाधारक वाटाड्यासोबतच. खाटा जितक्या, माणसं तितकी.

तुमच्या डोंगरावर असं फाटक नाही, मुक्कामघर नाही, हे मला ठाऊक आहे. तिथे फाटक तुम्हीच आहात.

म्हणून मागणं सोपं आहे आणि त्याला खर्चही फारसा नाही. दिवसाउजेडी एकदा वाट चाला आणि पूर्वेला मोकळ्या, वाऱ्याला आड, दहा-पंधरा माणसं बसतील अशा तीन-चार जागा हेरून ठेवा. सूर्योदयाच्या तासभर आधी जो जिथे असेल त्याने जवळच्या जागेवर थांबायचं, भिजलेला कपडा बदलायचा, टॉर्च मालवायचा आणि बसायचं. माथा ज्याला हवा त्याने उजाडल्यावर, वाट दिसत असताना चढावा. तेव्हा खडक हाताला दिसतो आणि खालच्याच्या डोक्यावर दगड सुटायचं प्रमाणही घटतं. मागे वळणाऱ्यासोबत द्यायला एक जादा माणूस ठेवा, तो नसेल तर तेवढी माणसं कमी घ्या. तीन हजार मीटरच्या वर जाणार असाल तर आदली रात्र तरी मधल्या उंचीवर झोपवा. तीन हजारांच्या वर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा सल्ला डॉक्टर देतात. एका रात्रीच्या सहलीत तो तंतोतंत पाळणं शक्य नाही हे कळतं. पण समुद्रकाठावरून थेट उचलून वर टाकणं आणि मध्ये झोपवणं यात फरक आहे.

आणि पंधरा मिनिटांचं सांगते. माणसाला खरं सांगितलं की तो आपलं बळ मोजून वापरतो. "अजून दीड तास आहे, वाट अशीच खडी आहे, तुला जमेल का?" असं त्या मुलाला सव्वातीनला कुणी विचारलं असतं तर तो तेव्हाच थांबला असता, शंभरेक मीटर खालीच. उमेद वाढवायला मारलेली थाप आहे हे मी समजू शकते. मीही मुलांना "आलंच हं घर" म्हणत फिरवलेलं आहे. पण माझ्या मुलांच्या पायांखाली दरी नव्हती.

उतरणीवर तुम्ही पत्रकात एक ओळही लिहीत नाही. सूर्य उगवला की तुमच्या लेखी कार्यक्रम संपतो. आमच्या मांड्या तिथून पुढे थरथरायला लागतात. चढताना स्नायू आखडत काम करतात, उतरताना ताणले जात ब्रेक लावतात, आणि रात्रभर जागलेल्या माणसाचे ब्रेक सैल असतात. आमच्यातल्या दोघी उतरताना पडल्या, एकीचं मनगट सुजलं. मग आला गाडीचा प्रवास. आमचा चालक रात्रभर गाडीतच होता. झोपला होता का, असं मी विचारलं. तो हसला. तीन तासांचा घाट त्याने उतरवला, आणि मी पुढच्या सीटवर बसून त्याच्याशी अखंड बडबड करत राहिले. माझ्या मते त्या चोवीस तासांतला सगळ्यांत धोक्याचा भाग तोच होता, आणि तो डोंगरावर नव्हताच. चालकाला झोपायला खोली द्या किंवा परतीला दुसरा चालक ठेवा. हा खर्च आमच्या माथी मारा, आम्ही देऊ.

गिऱ्हाइकालाच माथा हवा असतो, आम्ही काय करणार, हे तुमचं उत्तर मला पाठ आहे. अर्धं खरंही आहे. पण माथ्यावरच्या फोटोंनी पत्रकं भरवली कुणी? त्या सोंडेवरून मी काढलेल्या फोटोत आणि माथ्यावरच्या त्या मुलीच्या फोटोत फरक एवढाच आहे की माझ्या फोटोत कुणाची पाठ, कुणाचा झेंडा, कुणाची सेल्फीकाठी नाही. हवा असेल तर फोटो फुकट घ्या.

तो मुलगा पुढच्या हंगामात पुन्हा जाणार आहे. त्याच डोंगरावर. मला परवा विचारत होता, एक रात्र मध्ये मुक्काम करून, सोंडेवरून सूर्योदय बघून, मग उजेडात माथा, असं नेणारं कुणी आहे का. मी त्याला अजून नाव कळवलेलं नाही. तुमच्या नव्या हंगामाची पत्रकं अजून छापली नसतील, तर "हमी" असलेली ती एक ओळ काढून टाका आणि मला कळवा. मी त्याला तुमचं नाव सांगेन, आणि त्याच्यासोबत माझीही एक जागा धरा.

आपली,
मागे राहिलेल्यांतली एक